सोपानकाका, ती शीट तुमची होती

काका, या शनिवारीही तुमच्या संघाला गुण मिळाले. तुम्ही निवडून ठेवलेले अकरा जण तिकडे इंग्लंडात थंडीत धावले. एकानं गोल केला, एकाला पिवळं कार्ड मिळालं, आणि यादीत तुमचं नाव आठव्यावरून सातव्यावर सरकलं. तुमच्या संघात बदल करणारं आता कोणी नाही, पण खेळाडूंना ते कुठे माहीत? ते खेळतायत. नावापुढे ‘सोपान गव्हाणे, स्टोअर’ असं अजून तसंच आहे. सगळ्यात वर माझं नाव आहे. ते बघवत नाही म्हणून हल्ली मी यादी खालून वर वाचते आणि तुमच्यापाशी थांबते.

तुमच्याबद्दल जे सांगायचं असतं ते कंपनीतल्या शोकसभेत सांगून झालं. इतकी वर्षं एकाच खिडकीत बसलात, एक नटसुद्धा हिशेबाबाहेर गेला नाही, सगळ्यांशी गोड बोललात. मीही दोन मिनिटं बोलले. ‘काकांकडून खूप शिकायला मिळालं’ असं म्हणाले. काय शिकायला मिळालं, ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही. म्हणून आता हे लिहितेय. वाचणाऱ्यांत तुम्ही नसणार, हे ठाऊक असूनही तुम्हालाच लिहितेय.

तुम्ही आमच्या खेळात आलात ती दुपारच्या जेवणाची वेळ होती. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही आठ जण मोबाईल काढून भांडत होतो. खेळ साधा आहे: तिकडच्या खऱ्या लीगमधले खेळाडू आळीपाळीनं निवडून आपापला संघ बांधायचा, एक खेळाडू एकाच संघात, आणि तो प्रत्यक्ष मैदानावर जसा खेळेल तसे आपल्याला गुण. तुम्ही हातात ताट घेऊन मागे उभे होतात.

“ह्या खेळात म्हाताऱ्या माणसाला घेता का तुमी?”

सगळे हसले. देशमुख सर, आमचे प्लांट मॅनेजर, म्हणाले, “या की काका, फी नाही काही.”

“मग दोन जागा ठेवा. एक मला, एक आमच्या संकेतला. बेंगळुरूला असतोय त्यो.”

दोन दिवसांनी बेअरिंग घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी आले तेव्हा तुम्ही कारण सांगितलंत. तोवर तुम्ही मला ‘मॅडम’च म्हणत होतात. “मॅडम, पोराशी फोनवर बोलायला काय सुचंना झालंय बघा. जेवला का? व्हय. पाऊस हाय का? न्हाई. बरं, ठेवतो. पण फुटबॉलचं काढलं की घंटाभर बोलतो म्हणं, त्याची आई सांगती. म्हणलं, आपण पण शिकू.”

हे तुम्ही मला सांगितलं होतंत. फक्त मला. पुढे मी जे केलं ते मला माहीत नसताना केलं असं म्हणायची सोय तुम्ही माझ्यासाठी ठेवली नाहीत.

पहिल्या हंगामात तुमची फजिती झाली. पहिली निवड तुमची होती, सगळे खेळाडू मोकळे होते, आणि तुम्ही गोलकीपर उचललात. “घर राखणारा आधी पाहिजे,” म्हणालात. खेळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसून हसून लोक लोळले. सगळ्यात जास्त संकेत हसला. ‘पप्पा, गोलकीपर कोणी पहिला घेतं का!’ आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा तुम्ही दहावे होतात. दहांत दहावे.

बाकीच्यांनी तिथंच विषय सोडला. तुम्ही सोडला नाहीत. जूनच्या सुरुवातीला तुम्ही मला खिडकीशी थांबवलंत आणि जुन्या स्टॉक रजिस्टरची उरलेली पानं पुढे केलीत. त्यावर अख्ख्या हंगामाचे गुण होते. मराठी आकड्यांत, प्रत्येक खेळाडूचे. चार पानं, चार जागा: गोलकीपर, बचाव, मधली फळी, आघाडी. प्रत्येक पानावर वरून खाली उतरती यादी, आणि एका ठिकाणी आडवी रेघ.

“ही रेघ कसली, काका?”

“दहा संघ हायेत आपले. दहा गोलकीपर लागत्यात. दहाव्याच्या खाली रेघ. रेघेखालचा पहिला जो हाय, त्यो कुणाला पण फुकट मिळतो. आता वरच्याचे गुण बघ आन् ह्याचे बघ.”

मी बघितले. फारसा फरक नव्हता.

“म्हंजे मी येडा ठरलो का न्हाई? पहिली निवड वाया घालवली. आता बचावाचं पान बघ.”

बचाववाले प्रत्येक संघाला अनेक लागतात म्हणून त्या पानावर रेघ खूप खाली होती, आणि वरच्या पाच-सहा जणांपासून त्या रेघेपर्यंत उतार असा होता की डोंगराच्या कड्यावरून खाली बघावं. वरचे थोडे सोडले तर बाकी सगळे सारखेच किरकोळ.

मग तुम्ही उठून आतल्या कपाटातून दोन वस्तू आणल्यात. एका हातात मोठं बेअरिंग, दुसऱ्या हातात बोटाच्या पेराएवढं रबरी ऑइल सील. “ह्यातलं कुलपात काय ठेवायचं, सांग.”

“बेअरिंग. महाग आहे.”

“महाग हाय, पण फोन केला की संध्याकाळच्या आत येतं. चाकणात धा दुकानं हायेत. ह्ये सील त्या परदेशी मशिनचं. स्वस्तातलं हाय. पण फुटलं की तीन आठवडे मशिन बंद. खेळाडूनं किती गुण मिळवले ते नको बघू, पोरी. त्यो गेला तर त्याच्या जागी जो मिळंल, त्याचे किती ते बघ. मधला जो फरक, ती त्याची किंमत.”

‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले ती त्या दिवशी. मी प्लॅनिंगमध्ये सात वर्षं काढलीत, काका. मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकलीत. इतकं स्वच्छ मला कुणी काही समजावलेलं आठवत नाही.

आपण मधल्या फळीवरून भांडलो, आठवतं? मी म्हणत होते, सगळ्यात जास्त गुण तिथं आहेत, पहिली निवड तिथलीच हवी. तुम्ही मान हलवत होतात. “तसले ढिगानं हायेत.” “पण वरचे चार जण बाकीच्यांच्या फार पुढे आहेत!” “त्यातले दोघं दरसाल लंगडत्यात.” मी हसले, तुम्ही हसलात, आणि ‘बघू पुढच्या हंगामात’ वर मिटवलं. तुम्ही बरोबर होतात. त्या चारांतले दोघं या महिन्यात जायबंदी होऊन बसलेत. सांगायला गेले असते तर खिडकीतून तुम्ही फक्त भुवया उडवल्या असत्या.

ती पानं तुम्ही माझ्या हातात दिलीत. “कंप्युटरवर नीट मांडून दे. माझ्या अक्षरात पोराला न्हाई पाठवता यायचं. आन् कुणाला दाखवू नको इतक्यात. ऑगस्टला निवडीच्या आदल्या दिवशी संकेतला पाठवतो. म्हणंल, बाप अगदीच येडा न्हाई.”

मी चिंचवडच्या घरी दोन दिवस बसून ती शीट केली. रंग दिले, आलेख काढले. मेहनत घेतली, हे खरं आहे. पण भिंतीला रंग देणाऱ्यानं घर आपलं म्हणू नये.

पुढच्या शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर देशमुख सरांनी मीटिंग रूममध्ये हंगामाचा आढावा ठेवला. वडापाव मागवले होते. अंतिम यादी पडद्यावर दाखवायची म्हणून माझा लॅपटॉप जोडला. मी ठरवून काही केलं नाही, काका, एवढं तरी ऐकून घ्या. यादी बंद केली आणि मागे ती शीट उघडी होती.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

मी म्हणाले, “जागेप्रमाणे किंमत काढली आहे, सर.” मग त्यांनी विचारलं आणि मी समजावत गेले. रेघ, रेघेखालचा, मधला फरक. तुमच्याच शब्दांत, फक्त ऑइल सील वगळून. कुणीतरी वडापाव खायचा थांबला. देशमुख सर खुर्चीत पुढे सरकले. “हे तू केलंस?”

तुम्ही मागे पाण्याच्या कूलरपाशी बसला होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हनुवटी जराशी वर केलीत. ‘सांग की’ असं. काय सांग? ‘माझं आहे, सांग’? की ‘सांग, चालू दे’? इतके महिने मी त्या हनुवटीचा अर्थ माझ्या सोयीनं लावत आले.

मी म्हणाले, “हो. बसले होते जरा.”

चार-पाच शब्द. त्या खोलीत मी एकटी बाई होते, सात वर्षांत तिथल्या कुणी मला ‘वा’ म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी टाळ्या वाजल्या. ही कारणं खरी आहेत. पण ती मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीयत की आता त्यांची लाज वाटते. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात. मी बघितलं.

सरांनी शीट लगेच ग्रुपवर टाकायला लावली. मी टाकली. पाच मिनिटांत संकेतचा मेसेज आला. तो मला पाठ आहे. ‘ताई, एक नंबर! पप्पा, बघा. अभ्यास असा करतात.’ खाली तुम्ही अंगठा दिलात. तुम्ही अजून खोलीतच होतात, खाली मान घालून मोबाईलवर बोट फिरवत होतात. त्या बोटाकडे बघत मी लॅपटॉप मिटला.

सोमवारी मी खिडकीशी आले. “काका, ते परवा...”

“न्हाई न्हाई, बरं झालं. त्या पडद्यापुढं माझ्याच्यानं कुठं बोलणं झालं असतं?” तुम्ही कप्प्यातल्या मालाच्या नोंद-कार्डावर काहीतरी लिहीत होतात, मान वर न करता. मग लिहायचं थांबलात. “फकस्त संकेतला...”

तेवढ्यात मेंटेनन्सचा माणूस स्लिप घेऊन आला आणि तुम्ही आत वळलात. ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत. मी थांबायला हवं होतं. तो माणूस गेल्यावर ‘काय म्हणत होता?’ एवढं विचारायला हवं होतं. मी ‘येते, काका’ म्हणून निघाले. चालताना पाय हलके वाटत होते, हेही लिहिते.

ऑगस्टमध्ये निवड झाली. तुमचा क्रमांक नववा आला. तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही हेरून ठेवलेले सगळे बचाववाले तुमच्याच पद्धतीनं लोकांनी उचलले होते. पहिला मी उचलला. तुम्ही उरल्यासुरल्यातून संघ बांधलात आणि तक्रार केली नाहीत. संकेत ग्रुपवर म्हणाला, ‘पप्पा, ताईची शीट वाचली नाही वाटतं!’

त्यानंतर मी एकदा मन घट्ट करून विचारलं होतं. तुम्ही कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर चहा पीत होतात. “संकेतचा फोन येतो का, काका?”

“येतो की. आता लई बोलतो.” तुम्ही चहावर फुंकर मारलीत. “तुझंच सांगतो. म्हणतो, ताईकडनं शिका.”

तुम्ही हसून म्हणालात. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

“मी आजच ग्रुपवर लिहिते. तुमचं काम आहे म्हणून.”

“नको. आता राहू दे.” तुम्ही कप खाली ठेवलात. “त्याला वाटंल, बाप मागनं हिस्सा मागतोय.”

मी म्हणाले, “असं कसं वाटेल?” पण जोर लावला नाही. तुम्ही नको म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. काका, मला सगळ्यात जास्त लाज त्या सुटकेची वाटते. खोटं बोलले ते एका क्षणात. ही सुटका मी गेटपासून माझ्या टेबलापर्यंत चवीनं अनुभवली.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी देशमुख सरांचा मेसेज आला. तुम्ही कुरुळीच्या घरी पेपर वाचताना गेलात. मी मेसेज तीनदा वाचला, आणि पहिला विचार काय आला ते इथं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. पहिला विचार हा आला की आता ते कुणालाच कळणार नाही. त्याच्यामागून रडू आलं. क्रम तो होता.

दहाव्यानंतर मी तुमच्या घरी आले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझं नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला. “मेघा म्हंजे तू व्हय? लई कौतुक करायचे तुझं. म्हणायचे, काय सुरेख मांडलंय पोरीनं.” ‘मांडलंय’ म्हणायचात तुम्ही. घरातसुद्धा शब्द मोजून वापरलात. खोटं बोलला नाहीत आणि मला उघडंही पाडलं नाहीत.

संकेत मुंडण केलेल्या डोक्यानं पाहुण्यांत बसला होता. उठून आला. तुमच्यासारखाच उभा राहतो तो, एका पायावर भार देऊन. सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, थँक्यू. तुमच्यामुळं पप्पांना फुटबॉल कळायला लागलं. शेवटचे काही महिने आम्ही खूप बोललो.”

मी हात जोडले. काकूंनी दिलेला चहा प्याले आणि निघाले. कुरुळी फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते तेव्हा एक बाई म्हणाली, “ताई, बरं वाटत न्हाई का? बसा जरा.” मी तिच्या दुकानाच्या पायरीवर बसले. संकेतला सांगायचं, हे तिथंच ठरवलं. तरीही फोन करायला मला आणखी अकरा दिवस लागले.

संकेत बेंगळुरूला परत गेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पानं, सील, कूलर, हनुवटी, टपरी. संपल्यावर मला वाटलं, फोन कट झालाय.

“हॅलो?”

“ऐकतोय.” मग त्यानं विचारलं, “मी त्यांना काय लिहिलं होतं ग्रुपवर, ते आठवतंय का तुम्हाला?”

“आठवतंय.”

“मलाही.” त्याचा आवाज सपाट होता. “पानं आहेत?”

पानं मी तुम्हाला परत केली होती, पण त्यांचे फोटो माझ्याकडे होते. मी चारही पाठवले. तो बघत राहिला.

“ताई, काही नावांपुढे लहान अक्षरात ‘सं’ लिहिलंय. शीटमध्ये ते दिसलं नव्हतं.”

“मला वाटलं संघ, किंवा संशय. अर्थ लागला नाही म्हणून सोडून दिलं.”

“तुम्ही विचारलं नाही त्यांना?”

“नाही.”

“हा मधल्या फळीतला. हा आघाडीचा. हा दुसऱ्या पानावरचा.” तो एकेक नाव वाचत गेला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बिघडला. “मी फोनवर ज्यांचं ज्यांचं कौतुक करायचो ना, ते आहेत हे. मला वाटायचं, ते नुसतं हूं हूं करतायत.”

मी माफी मागितली. त्यानं ‘ठीक आहे’ म्हटलं नाही. का म्हणावं? “ग्रुपवर लिहा,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

काल मी लिहिलं. आडपडदा ठेवला नाही: पद्धत सोपानकाकांची, पानं त्यांची, मी फक्त टाइप केलं, आणि विचारल्यावर खोटं बोलले. चारही फोटो जोडले. वाटलं होतं, लोक तोडून बोलतील. बोलायलाच हवं होतं.

काका, तसं कुणीच बोललं नाही. देशमुख सरांनी लिहिलं, ‘मेघा, हे सांगायला मोठं मन लागतं. अभिमान वाटतो.’ त्याखाली सहा जणांनी टाळ्यांचे हात टाकले. तुमच्या पानांबद्दल कुणीच काही विचारलं नाही. संकेतनं मेसेज वाचलाय, त्याचं उत्तर नाही. टाळ्या पुन्हा मलाच मिळाल्या, आणि आता त्या कुणाला परत कराव्यात ते मला कळत नाही.